सान्शिन घरचं, ड्रम्स पाहुणे

लोकगीताखाली ड्रम्सचा लूप टाकायचा, मधेच एक गिटार सोलो, व्हिडिओत घोंगडी आणि धुकं, आणि वर शिक्का मारायचा 'फ्युजन'. हा प्रकार आपल्याकडे इतका माजलाय की परवा एका मित्राने विचारलं, "लोकसंगीत आणि पॉप यांचं खरंच जमलंय असं एक तरी उदाहरण सांग," तर मला मराठी नाव सुचेना, पटकन सुचलं ते थेट ओकिनावातलं, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरचं. कीना शोकिची आणि त्याचा बँड चॅम्पलूज यांचा पहिला अल्बम, १९७७ चा. बँडच्याच नावाचा. मित्राने तोंड वाकडं केलं. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ नसेल तर सरळ त्यातलं 'हायसाय ओजिसान' (म्हणजे 'नमस्कार, काका') शोधून ऐका आणि पुढे सरका, मी रागावणार नाही.

शोकिची १९४८ चा, कोझा गावचा. वडील कीना शोएइ हे ओकिनावातले नावाजलेले लोकगायक आणि सान्शिन या तिथल्या तंतुवाद्याचे वादक. म्हणजे लोकसंगीत शोधायला त्याला रेकॉर्डर घेऊन कुठल्या खेड्यात जावं लागलं नाही, ते घरातच जेवायला बसायचं. 'हायसाय ओजिसान' हे गाणं त्याने शाळकरी वयात रचलं. एक पोरगा आणि शेजारचा एक दारुडा काका यांचा हा सवाल-जवाब. पोरगा विचारतो, काका, काल रात्रीची बाटली उरलीय का, उरली असेल तर मलाही द्या. काका खेकसतो, एवढ्याशा बाटलीत माझ्याकडे काय उरणार रे. मग पोराला लग्नाची घाई होते, काकाच्या टकलाची चेष्टा होते, मिशीची होते. चाल अशी की पहिल्या चार मात्रांतच पाय हलायला लागतो.

आता यातली गोम. हा काका खरा होता. शोकिचीने पुढे मुलाखतींतून सांगितलंय की शेजारच्या त्या घरात एक भयंकर घटना घडली, मूल गेलं, गावाने त्या घराकडे पाठ फिरवली आणि तो माणूस दारूत बुडाला. तपशील इथे लिहावेत असे नाहीत. लोक त्याला टाळायचे, हा पोरगा मात्र त्याच्याशी बोलायचा. हे माहीत नसताना गाणं विनोदी वाटतं. कळल्यावरही विनोदीच वाटतं, आणि मला त्याचं हेच मोठेपण वाटतं. तो तुम्हाला रडवायला बसलेला नाही. आपल्याकडे या गोष्टीवर गाणं केलं असतं तर पहिली दोन मिनिटं नुसती बासरी आणि पाऊस.

कोझाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर या आवाजाचा पत्ता लागत नाही. ओकिनावा हे १८७९ पर्यंत र्‍युक्यूचं स्वतंत्र राज्य होतं, मग जपानने ते आपल्यात घेतलं. १९४५ च्या लढाईत तिथल्या दर चार माणसांमागे साधारण एक गेला. त्यानंतर १९७२ पर्यंत अमेरिकेचा अंमल. १९५८ पासून बाजारात डॉलर चालायचा, जपानच्या मुख्य बेटांवर जायचं तर प्रवासाचे परवाने लागायचे. कोझा हे कादेना या अमेरिकन फौजेच्या प्रचंड विमानतळाच्या फाटकासमोरचं गाव. व्हिएतनामवर बॉम्ब टाकायला बी-५२ विमानं तिथूनही उडायची आणि तिथले सैनिक रात्री कोझाच्या बारमध्ये पगार उडवायचे. गोर्‍या सैनिकांची वस्ती वेगळी, काळ्या सैनिकांची वेगळी. बारमध्ये स्थानिक पोरं रॉक वाजवायची, आणि ते साधंसुधं नव्हे. उद्या आघाडीवर जाणार्‍या माणसासमोर बेसूर वाजवलं तर बाटली अंगावर यायची. २० डिसेंबर १९७० च्या पहाटे याच गावात एका अमेरिकन गाडीने माणसाला उडवलं, वर्षानुवर्षं साठलेला राग फुटला आणि लोकांनी अमेरिकनांच्या सत्तरहून जास्त गाड्या जाळल्या. अल्बम निघाला तेव्हा ओकिनावा जपानकडे परत येऊन पाच वर्षं झाली होती, पण रस्त्यावर गाड्या अजून अमेरिकन पद्धतीने उजव्या बाजूनेच धावत होत्या. त्या डावीकडे आल्या ३० जुलै १९७८ ला.

अशा गावात वाढलेल्या पोराच्या कानात एकीकडे बापाचं सान्शिन आणि दुसरीकडे बारमधली इलेक्ट्रिक गिटार असणारच. त्याने ते मुद्दाम आणून चिकटवलेलं नाही, म्हणून सांधे दिसत नाहीत.

आणि तो गातो आपल्या बोलीत. हे आज सहज वाटतं. पण ओकिनावातल्या शाळांमध्ये कित्येक दशकं असा रिवाज होता की बोलीत बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायची, आणि दुसरा कुणी बोलताना सापडेपर्यंत ती त्याच्याच गळ्यात. म्हणजे पाटी उतरवायची तर मित्रावर पाळत ठेवायची. काय डोकं चालवलंय बघा. 'गावठी बोलू नकोस' हे ऐकत वाढलेल्या आपल्याकडच्या मालवणी, अहिराणी, झाडीबोलीच्या लोकांना यातलं थोडंफार आतून कळेल, पाटी नसली तरी. या पार्श्वभूमीवर टोकियोच्या श्रोत्याला धड अर्थ न कळणारं गाणं पहिल्याच अल्बमवर वाजवायचं, सोबत खुलासा नाही, जपानी ओळी पेरून केलेली मनधरणी नाही. मला हा माज फार आवडतो.

आता सुरांचं. घरी पेटी असेल तर पांढरी एक धरून एवढंच वाजवा: सा, ग, म, प, नि, वरचा सा. रे आणि ध वगळायचे, सगळे स्वर शुद्ध. याच पाच स्वरांवर ओकिनावाची बरीचशी गाणी उभी आहेत. शास्त्रीय ऐकणारे लगेच म्हणतील, अरे हा तर तिलंग. आरोहापुरता हो. तिलंगात उतरताना कोमल निषाद येतो आणि जीव थोडा हळवा होतो; ओकिनावात उतरतानाही निषाद शुद्धच राहतो, त्यामुळे ती चाल उन्हात उभी असल्यासारखी लख्ख वाटते. कर्नाटक संगीतातला गंभीरनाट याच्या आणखी जवळ जातो. यावरून कुणी 'बघा, सगळं आपल्याकडूनच गेलं' असं कमेंटमध्ये लिहू नका, प्लीज. पाच स्वर माणसाला कुठेही सापडतात. पण मराठी कानाला हे संगीत परकं का वाटत नाही, याचं थोडं उत्तर इथे आहे.

सान्शिन तीन तारांचं. भोपळ्याच्या जागी लाकडी खोका, त्यावर अजगराचं कातडं ताणलेलं. नेहमीची जुळवणी सा, म, वरचा सा. वाजवायची नखी म्हशीच्या शिंगाची, ती तर्जनीत अंगठीसारखी चढवतात. युद्धानंतर निर्वासितांच्या छावण्यांत वाद्यं उरली नव्हती, तेव्हा लोकांनी अमेरिकन फौजेचे रिकामे डबे, खाटांची लाकडं आणि पॅराशूटच्या दोर्‍या वापरून सान्शिन बनवली. सान्शिनचा आवाज थोडा कोरडा, तुटक असतो, तार छेडली की लगेच विरतो. म्हणून तो भरभर वाजवावा लागतो. आणि इथे मी माझ्या मुद्द्यावर येतो.

'हायसाय ओजिसान'मध्ये वेग ठरवतं ते सान्शिन. ड्रम्स, बेस, गिटार, की-बोर्ड सगळे त्याच्या मागे पळतात. ओकिनावात लग्नाच्या जेवणावळीनंतर काचाशी नावाचा नाच होतो. सगळे उठतात, हात डोक्याच्या वर जातात, मनगटं एका लयीत डावी-उजवीकडे वळत राहतात, पुरुषांच्या मुठी मिटलेल्या, बायकांचे पंजे उघडे. कुणी तोंडात बोटं घालून शिट्टी मारतो, कुणी मधेच 'ईया सासा' ओरडतो. त्या नाचाची जी दुडकी, उसळती चाल आहे, तीच ड्रमरने उचलली आहे. म्हणजे घर लोकसंगीताचं आणि पॉप तिथे जेवायला आलेला पाहुणा. तो घरच्या पंगतीत बसतो, टेबल-खुर्ची मागत नाही. आपल्याकडच्या 'फ्युजन'मध्ये नेमकं उलटं घडतं. लूप आधी ठरतो, एका मिनिटाला इतके ठोके, आणि मग लावणी किंवा धनगरी ओवी त्या चौकटीत कोंबतात. ढोलकीचा जो जीव दोन ठोक्यांमधल्या ओढीत असतो, तो संगणकाने सरळ केला की संपला विषय. माझी कसोटी सोपी आहे: ड्रम्स काढून टाका, गाणं उभं राहतं का? शोकिचीचं राहतं. आमच्या बहुतेकांचं ड्रम्स काढले की नुसती एक शोभेची तुतारी उरते.

अल्बमची बरीच गाणी कोझामधल्या 'मिकाडो' नावाच्या क्लबात, जिथे तो नेहमी गायचा तिथेच, लोकांसमोर ध्वनिमुद्रित झाली. टोकियोत त्यावर आणखी वाद्यं चढवली. ते कळतं, लपत नाही. काही ठिकाणी टोकियोची सफाईदार वाद्यं आणि मिकाडोचा घामट आवाज एकमेकांकडे जरा संशयाने बघतात. दुसर्‍या बाजूची दोन-तीन गाणी मला लांबलेली वाटतात, आणि शोकिचीचा आवाज वर जाताना फाटतो. पण कोरसमध्ये त्याच्या बहिणी त्या टोकदार, नाकातल्या आवाजात घुसल्या की मी बाकीचं सगळं माफ करतो. बायकांचा तो आवाज घासूनपुसून गोड केलेला नाही, याबद्दल निर्मात्याचे आभार मानायला हवेत.

टोकियोला 'हायसाय ओजिसान' अल्बमच्या आधीच लागलं होतं, हाही मजेशीर भाग. कुबोता माकोतो हा तिकडचा संगीतकार ओकिनावात गेला, गाणं कानावर पडलं, वेडा झाला. १९७५ च्या 'हवाई चॅम्प्रू' या त्याच्या अल्बममध्ये ते आलं आणि त्या अल्बमच्या निर्मितीत होसोनो हारुओमी होता, जो पुढे यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा हा गाजलेला इलेक्ट्रॉनिक बँड काढणार होता. होसोनोने १९७८ च्या 'पाराइसो'मध्ये ओकिनावाचं 'आसादोया युन्ता' घेतलंय. म्हणजे जपानी पॉपच्या सगळ्यात चलाख डोक्यांनी या संगीताकडे वळून पाहिलं. पण त्यांचं ऐकताना मला नेहमी प्रवासवर्णन वाचल्यासारखं वाटतं. छान लिहिलेलं, पण प्रवासवर्णन.

शोकिचीचं जगभर गाजलेलं गाणं हे नव्हेच. ते 'हाना', १९८० च्या 'ब्लड लाइन' या दुसर्‍या अल्बममधलं, ज्यात राय कूडर या अमेरिकन गिटारवादकाने गिटार वाजवलीय. ते गाणं पुढे आशियाभर किती भाषांत गेलं त्याला गणती नाही. चिनीत एमिल चाऊने १९९३ मध्ये गायलं आणि तिकडे अनेकांना ते चिनी गाणंच वाटतं. सुंदर आहे, वाद नाही. पण 'हाना' हे कुणालाही देता येण्यासारखं गाणं आहे. त्यात फुलं आहेत, अश्रू आहेत, सगळ्यांच्या मनात काहीतरी उमलावं अशी इच्छा आहे. टकलू काका त्यात नाही. पुढे शोकिची 'सगळ्या शस्त्रांची वाद्यं करा' म्हणत जगभर फिरला, २००४ मध्ये जपानच्या वरिष्ठ सभागृहात निवडूनही गेला. माणूस म्हणून आदर वाटतो. पण गायक म्हणून मला तो दारूची बाटली मागणारा पोरगाच जास्त खरा वाटतो, आणि यावर कुणी वाद घातला तर मी घालायला तयार आहे.

त्या पोराला सभ्य लोक अजून बिचकतात, याचा पुरावाही आहे. जपानमधल्या कोशिएनच्या शालेय बेसबॉल स्पर्धेत ओकिनावाच्या संघासाठी गॅलरीतून बँड 'हायसाय ओजिसान'च वाजवतो. २०१० मध्ये, कोनान शाळेने वसंत आणि उन्हाळी दोन्ही स्पर्धा जिंकल्या त्या वर्षी, कुणीतरी तक्रार केली की दारूचं गाणं शाळकरी मुलांसाठी बरं दिसत नाही. काही काळ वाजवणं थांबलं. लोकांना करमेना, पुन्हा सुरू झालं. विनोदी नट शिमुरा केनने तर ही चाल आधीच आपल्या चक्रम काकाच्या पात्रासाठी उचलून जपानभर घरोघरी पोचवली होती. सभ्यतेचा मुद्दा तिथेच निकालात निघाला होता म्हणा.

जाता जाता आपल्याकडचं एक. वर मराठी नाव सुचलं नाही म्हणालो, पण एक नमुना रोज डोळ्यांसमोर असतो. गणपतीत, हळदीत जी बेंजो पार्टी वाजते, त्यातलं कळांचं बेंजो हे नागोयात १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतो या वाद्याचं आपल्याकडे रुळलेलं रूप आहे. जपानी वाद्य, वर पिकअप बसवलेला, शेजारी कच्छी ढोल आणि ऑक्टोपॅड, आणि वाजतंय काय, तर कोळीगीत. लय नाचणार्‍यांची. बाकी सगळं तिच्या मागे. याला कुणी फ्युजन म्हणत नाही, कुणी पुरस्कार देत नाही, उलट सोसायटीच्या ग्रुपवर आवाजाच्या तक्रारी होतात. खानदेशात अहिराणी गाण्यांचंही असंच, की-बोर्डवर आपलीच चाल, आपल्याच बोलीत, आणि यूट्यूबवर धो धो ऐकली जातात. फक्त यातल्या कुणाला अजून मिकाडोसारखा क्लब, धीराचा निर्माता आणि अख्खा अल्बम करायची उसंत मिळालेली नाही. एखादा निर्माता हे वाचत असेल तर पत्ता वेसावे, नाहीतर धुळे.

शोकिचीचं ते मिकाडोतलं ध्वनिमुद्रण इंग्लंडच्या ग्लोबस्टाइल या रेकॉर्ड कंपनीने १९९१ मध्ये 'म्युझिक पॉवर फ्रॉम ओकिनावा' या नावाने काढलं होतं, तेही मिळालं तर ऐका. आणि अहिराणी, मालवणी, कोळी, गोंडी कुठल्याही बोलीत कुणी पूर्ण अल्बम केला असेल, ज्यात ड्रम्स चालीच्या मागे पळतात, तर खाली लिंक टाका. धुक्याचे व्हिडिओ नकोत.