‘भंगारातले डबे’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय काल रात्री वर्ग बंद केल्यावर वाचला. डिचोलीतल्या आमच्या संगणक वर्गात संगणक म्हणून भंगारातले डबे मांडून ठेवलेत, त्यांत साधी हार्ड डिस्कही नाही, विंडोज शिकवत नाहीत, व्हिडिओ अडखळतात, सॉफ्टवेअर फुकट असताना फी घेतात, आणि गणेश चवथीच्या आदल्या आठवड्यात सगळे संगणक एकदम बंद पडून तुमच्या मुलीच्या प्रकल्पाची पानं गेली, असं तुम्ही लिहिलंय. शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक सर्वस्वी माझी आहे.

आमच्या चौदाही संगणकांच्या फाइली मागच्या खोलीतल्या एकाच सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांना फाइली पुरवणाऱ्या मुख्य संगणकावर, असतात. त्या दुपारी वीज गेली तेव्हा सर्व्हरच्या यूपीएसने (वीज गेल्यावर बॅटरीवर चालवणाऱ्या यंत्राने) निदान वीस मिनिटं तग धरायला हवी होती. तो दोन मिनिटांत बसला. बॅटरी जुनी झाली होती, एका बाजूने फुगलेली मला दिसत होती, आणि तरी ‘चवथ झाली की बदलू’ म्हणून मी ते काम पुढे ढकललं. सर्व्हर चालता चालता बंद पडला आणि डिस्कवरच्या फाइली बिघडल्या. बॅकअप रात्री दहाला व्हायचा, म्हणून आदल्या दिवसापर्यंतचं सगळं परत मिळालं. त्या दिवशी टाइप केलेली चार पानं मात्र गेली. लिब्रेऑफिस हा आमचा लिहिण्याचा आणि तक्त्यांचा मुक्त प्रोग्रॅम काम चालू असताना अधूनमधून स्वतःहून एक प्रत ठेवत असतो, पण तीही त्याच डिस्कवर होती. तुमची मुलगी रडली नाही. ती कीबोर्डवर हात ठेवून नुसती काळ्या पडद्याकडे बघत बसली होती. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तिची आणि तुमची मी मनापासून माफी मागतो.

आता बॅटरी नवी आहे. सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत आणि प्रत्येक फाइल दोन्हींवर एकाच वेळी लिहिली जाते. बॅकअप दर तासाला दुसऱ्या खोलीतल्या वेगळ्या संगणकावर जातो, कारण दोन डिस्क लावल्या म्हणजे बॅकअप झाला असं होत नाही. यूपीएसची बॅटरी उतरायला लागली की सर्व्हर आता आपणहून नीट बंद होतो. त्यासाठी ‘नट’ नावाची मुक्त प्रणाली बसवली आहे. ती फुकट मिळते. मी ती आधीच बसवायला हवी होती.

आता त्या डब्यांबद्दल. हार्ड डिस्क नाही हे खरं आहे, पण ती पैसे वाचवायला काढून घेतलेली नाही. नसावी म्हणूनच नाही. बटण दाबलं की संगणकाचं नेटवर्क कार्ड तारेवरून हाक मारतं, ‘मला पत्ता द्या’. सर्व्हर पत्ता देतो, मागोमाग लिनक्स ही संगणक चालवणारी मुक्त प्रणाली पाठवतो, आणि थोड्याच वेळात नाव-पासवर्ड विचारणारा पडदा समोर येतो. या पद्धतीला एलटीएसपी (लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट) म्हणतात. जिम मॅक्विलन यांनी १९९९मध्ये तिची सुरुवात केली, आणि २०१९मध्ये ग्रीसच्या अल्किस जॉर्गोपूलॉस यांनी ती जवळजवळ नव्याने लिहून काढली. जुन्या संगणकांना शाळेत कामाला लावणं हा तिचा पहिल्यापासूनचा एक मोठा उपयोग आहे.

आपल्या हवेत याचा फायदा किती, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पूर्वी आमच्याकडे प्रत्येक संगणकात डिस्क होती. पावसाळा संपला की एकेक कॅबिनेट उघडायचो. पट्ट्यांवर हिरवट गंज, पॉवर सप्लायच्या जाळीत पालीची अंडी, आणि दर वर्षी दोन-तीन डिस्क टकटक आवाज करत मरायच्या. त्यांच्याबरोबर मुलांच्या फाइली जायच्या, आणि त्या कुठेच नसायच्या. आता डबा बिघडला तर मूल शेजारच्या डब्यावर बसतं, आपलं नाव टाकतं, आणि त्याचा डेस्कटॉप, त्याची फाइल जशीच्या तशी समोर येते. तुमची मुलगी सात नंबरवर सुरू केलेलं काम तीन नंबरवर पुरं करते, ते याचमुळे. एखादा प्रोग्रॅम बदलायचा असेल तर तो मी सर्व्हरवर एकदाच बदलतो, चौदा वेळा नाही.

याची उलट बाजूही आहे, आणि तुम्हाला तीच भोगावी लागली: सर्व्हर बसला की सगळे बसतात. ती जोखीम मी जाणूनबुजून घेतली होती. तिची राखण मात्र मी केली नाही.

व्हिडिओबद्दल तुमचं म्हणणं बरोबर होतं. आमचे सर्वांत जुने पाच डबे अशा जुन्या रीतीने चालत होते की प्रोग्रॅम सर्व्हरवर चाले आणि पडद्याचं नुसतं चित्र तारेवरून येई. १२८० बाय १०२४चा पडदा सेकंदाला २५ वेळा, आकार कमी न करता (म्हणजे कॉम्प्रेस न करता) पाठवायचा म्हटला तर जवळपास ७८६ मेगाबिट लागतात. आमचा नेटवर्क स्विच, म्हणजे सगळ्या संगणकांच्या तारा जोडणारी पेटी, होता १०० मेगाबिटचा. कॉम्प्रेस करून पाठवलं तरी पाच मुलांनी एकदम व्हिडिओ लावल्यावर तो अडखळणारच. आता त्याच्या दहापट वेगाचा गिगाबिट स्विच बसवलाय, आणि त्या पाचही डब्यांत रॅम वाढवून प्रोग्रॅम त्यांच्यावरच चालतील असं केलंय. लिनक्स अजूनही सर्व्हरवरूनच येतं, चित्र मात्र डबाच काढतो.

विंडोज आम्ही शिकवतच नाही, हे बरोबर नाही. खिडकीजवळ विंडोजचे तीन संगणक आहेत; टॅली आणि एक्सेल तिथेच शिकवतो, कारण नोकरीच्या जागी मुलांना तेच लागतं. शाळकरी मुलांना आम्ही लिब्रेऑफिसपासून सुरू करतो. परिच्छेद, तक्ता, सूत्र या गोष्टी एकदा कळल्या की दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये फक्त बटणाची जागा शोधावी लागते. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकारावर बेतलेली प्रणाली वापरतात. शिवाय विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि तुम्ही पाहिलेले डबे विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. ते खरंच भंगारात गेले असते. इथे त्यांच्यावर मुलं इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या कीबोर्ड मांडणीने मराठी आणि कोंकणी टाइप करतात, आणि अक्षरं युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत असल्यामुळे ती फाइल घरच्या मोबाइलवरही नीट उघडते.

सॉफ्टवेअर फुकट असताना फी कसली, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. फी शिकवणाऱ्या दोघींच्या पगाराला, जागेच्या भाड्याला आणि विजेला जाते. त्या महिन्याची तुमची फी मात्र मी परत करतोय; पाकीट काउंटरवर तुमच्या नावाने ठेवलंय.

प्रकल्पाची ती चार पानं तुमच्या मुलीने गेल्या रविवारी आमच्या बाईंबरोबर बसून पुन्हा टाइप केली. तिला दुसऱ्यांदा लिहिलेला मजकूर पहिल्यापेक्षा जास्त आवडला, असं तिनेच सांगितलं. पूर्ण फाइल पेनड्राइव्हवर घालून दिली आहे, घरी एकदा उघडून बघा. शनिवारी चार वाजता मी मेन स्विच बंद करून यूपीएस आणि सर्व्हर तपासणार आहे, मुलं समोर काम करत असताना. तुम्हाला जमलं तर या, मुलीच्या शेजारच्या खुर्चीवर बसा आणि काय होतं ते स्वतः पाहा.

आपला,
वर्गाचा चालक