‘थेंबभर रक्तात व्हायरसची कुंडली’ : त्या फॉरवर्डचं काय करायचं

काल आत्याचा फोन आला, तिसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही म्हणून. आवाज पार खोल गेलेला. खाल्लंस का विचारलं तर म्हणे काल संध्याकाळपासून काहीच नाही, मेसेजमध्ये लिहिलंय की साखर मिळाली नाही तर व्हायरस उपाशी मरतो. आणि शुगरची गोळी? ती मात्र सकाळी वेळेवर घेतलेली! मशीनवर बघायला लावली, 61. आधी साखरपाणी प्यायला लावलं, मग तो मेसेज मागवून वाचला.

तुमच्याकडेही आला असेल. नवीन मेटाबॉलिक, म्हणजे चयापचयाच्या, टेस्टने रक्ताच्या एका थेंबात कोणता व्हायरस ते कळतं, आजार गंभीर होणार का ते 99 टक्के अचूक आधीच कळतं, रिपोर्ट हिरवा आला तर हॉस्पिटलची गरज नाही, लाल आला तर उपास करून हिरवा करा, आणि डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत. खाली एका लॅबचा नंबर.

उपासाचं आधी घेतो, कारण डोकं त्यानेच फिरलंय. व्हायरसला स्वतःचं चयापचयच नसतं हो, तो आपल्याच पेशींची यंत्रणा वापरतो, मग त्याला उपाशी मारायचं म्हणजे आपल्याच पेशी उपाशी ठेवायच्या, ज्यांच्या जिवावर आजारातून उठायचंय. 2016 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर नेमकं हेच तपासलं होतं. बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमध्ये उपाशी राहणं उंदरांच्या पथ्यावर पडलं, पण फ्लूच्या व्हायरसमध्ये बरोबर उलटं, खायला दिलेले जास्त वाचले आणि ज्यांच्या शरीरात ग्लुकोजचा वापर औषधाने रोखला ते मेले. उंदीर म्हणजे आत्या नव्हे, मान्य, पण मेसेजवाल्याकडे तर उंदीरही नाही! आणि लाल रिपोर्ट उपासाने हिरवा करणं म्हणजे थर्मामीटर बर्फात बुडवून ताप उतरला म्हणण्यासारखं आहे.

आता कोणता व्हायरस ते कळतं म्हणे. इन्फेक्शन झालं की शरीर इंटरफेरॉन नावाची धोक्याचा इशारा देणारी प्रोटीन्स सोडतं, त्याने एक एन्झाइम जागं होतं आणि रक्तातलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल कमी होऊन त्यापासून बनणारं कायन्युरेनिन वाढतं. कोविडच्या पेशंटमध्ये हे दिसलंय, खरं आहे. पण तेच कायन्युरेनिन बाकीच्या इन्फेक्शनमध्ये वाढतं, काही कॅन्सरमध्ये वाढतं, किडनी नीट चालत नसली तरी वाढतं. शरीर पेटलंय एवढं त्यातून कळेल, काडी कोणी लावली ते नाही. त्यासाठी व्हायरसचे जनुकीय अंश शोधणारी पीसीआर टेस्ट, डेंग्यू असेल तर पहिल्या दिवसांत त्या व्हायरसचं प्रोटीन शोधणारी एनएस1.

गंभीर होणार का याचा अंदाज, हा भाग मात्र अगदीच थाप नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. 2020 मध्ये ‘सेल’ या जर्नलमध्ये चीनमधल्या कोविड पेशंटवरचा अभ्यास आला होता, रक्तातली प्रोटीन्स आणि मेटाबोलाइट, म्हणजे चयापचयात तयार होणारे छोटे रेणू, दोन्ही मोजून कॉम्प्युटरला 31 पेशंटवर शिकवलं, मग नवे 10 दिले तर 7 बरोबर ओळखले, पुढच्या 19 मध्ये 16. काम चांगलंच आहे, पण दहात तीन चुकले. आणि ते नुसते मेटाबोलाइट नव्हते, प्रोटीन्सही होती. हे 99 कुठून आणलं? बरं, मधुमेह, स्टेरॉइड, शेवटचं कधी खाल्लं, या सगळ्याने हे आकडे हलतात, म्हणजे आत्याचा रिपोर्ट व्हायरसचा की तिच्या शुगरचा हे कसं ठरवणार?

‘हिरवा म्हणजे घरी बसा’ हे तर जीवघेणं आहे. डेंग्यूत बऱ्याचदा ताप उतरायला लागतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो, दुसऱ्या दिवशीचा हिरवा रिपोर्ट पाचव्या दिवशीची पोटदुखी, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून येणारं रक्त बघणार आहे का?

डॉक्टर लपवतात म्हणे! आयसीयूत लॅक्टेट, म्हणजे पेशी साखर वापरताना बनणारा एक पदार्थ, रोज मोजतात, तेही मेटाबोलाइटच आहे.

राहिला तो एक थेंब. बाळाच्या टाचेतून कागदावर थेंब घेऊन जन्मजात चयापचयाचे आजार तपासतात, बहुतेक तिथून उचललंय. पण नळीतल्या रक्तातल्या लाल पेशी बाहेर आल्यावरही साखर खात राहतात आणि लॅक्टेट बनवत राहतात, म्हणून सॅम्पल किती वेळात आणि किती थंड पोचतं त्यावर बरंच अवलंबून असतं. हेच त्या नंबरवर फोन करून विचारलं. समोरचा म्हणाला, ‘सर, आमचा मुलगा घरी येऊन घेऊन जाईल, संध्याकाळपर्यंत चार-पाच घरं करून पोचतोच.’