पेट्रोलचा भाव तासांत सांगा

आमच्या पेठेतल्या मित्रांच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी तोच वाद पेटतो. कुणीतरी पंपावरच्या पावतीचा फोटो टाकतं, शंभरी ओलांडून वर गेलेला दर दाखवतं. लगेच दुसऱ्याचं उत्तर येतं, "इंग्लंडात दीडशेच्या वर हाय, तिथली माणसं बोंबलत्यात का?" मग साक्षीला मला ओढलं जातं, कारण मी लेस्टरला राहतो.

आकडा खरा आहे. २०२५ मध्ये इथे पेट्रोल लिटरला १३५ पेन्सच्या आसपास होतं. रुपयांत केलं तर दीडशेच्या वरच. पण हा आकडा कोल्हापुरातल्या माणसाच्या तोंडावर फेकणं मला अन्यायाचं वाटतं. हा युक्तिवाद आता ग्रुपपुरता उरलेला नाही. पगारवाढ मागायला गेलेल्या पोरांनाही तो ऐकवतात, माझ्या भाच्याला ऐकवला गेला आहे.

भाचा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत ठेकेदाराकडे आहे. कोडोलीहून वाठारमार्गे मोटरसायकलने येतो, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. त्याच्या पाळीच्या वेळेला बस मिळत नाही, त्यामुळे गाडी ही चैन नाही. सव्वीस हजऱ्या भरल्या तर हातात पंधरा हजार पडतात, म्हणजे तासाला बहात्तर रुपये. गाडी पंचावन्नचं अॅव्हरेज देते. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर रोजचे पंच्याहत्तर रुपये झाले. पाळीचा पहिला तास तो भट्टीसमोर उभा राहतो तो नुसता कामावर येण्या-जाण्याचं पेट्रोल फेडायला. महिन्याला दोन हजार या एका खात्यावर जातात, आणि त्यात ऑइल, टायर, पंक्चर काही धरलेलं नाही.

आता माझ्या शेजारचं उदाहरण. वखारीत रात्रपाळी करणारा माणूस, सरकारने ठरवलेल्या किमान वेतनावर. २०२५-२६ मध्ये ते तासाला १२ पौंड २१ पेन्स होतं. तोही चाळीस किलोमीटर जातो-येतो, पण चारचाकीने. तीन लिटर पेट्रोल धरा, चार पौंड होतात. कर कापायच्या आधीच्या मजुरीत मोजलं तर वीस मिनिटांचं काम. महाग पेट्रोलच्या देशात चारचाकीला वीस मिनिटं आणि स्वस्त पेट्रोलच्या देशात दुचाकीला तासाहून जास्त! हा हिशेब मांडल्यावर ग्रुपवर जरा शांतता होते.

इथलं सगळं गोड आहे असं मी कधीच म्हणणार नाही. घरभाडं आणि गाडीचा विमा माणसाला वाकवतात. स्वतःची गाडी कामासाठी वापरणाऱ्याला मालक मैलामागे ४५ पेन्सपर्यंत करमुक्त देऊ शकतो, तो दर २०११ ते २०२५ हललाच नाही, आणि घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायका त्याबद्दल रास्त तक्रार करतात. पेट्रोलवर करही थोडाथोडका नाही. २०२५ मध्ये लिटरच्या किमतीतला निम्म्याहून जास्त भाग करच होता, म्हणजे आपल्याहूनही अधिक.

म्हणूनच गावाकडचं भांडण फक्त "केंद्राचा कर की राज्याचा कर" यावर अडतं तेव्हा मला हळहळ वाटते. करांचा राग खोटा नाही. २०२० मध्ये जगभर कच्चं तेल कोसळलं, आपल्याकडच्या भट्ट्या बंद होत्या, आणि त्याच मे महिन्यात पेट्रोलवरचं केंद्राचं उत्पादन शुल्क ३२.९८ रुपयांवर नेलं गेलं. २०१४ मध्ये ते ९.४८ होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटकने आपला कर ७ रुपयांनी उतरवला तेव्हा कागलपासून सीमा हाकेच्या अंतरावर असलेल्या माणसाला दोन राज्यांतला फरक कुणी समजावून सांगावा लागला नाही. महाराष्ट्राने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये उतरवले ते जुलै २०२२ मध्ये. हे सगळं बोललंच पाहिजे. पण इथला अनुभव सांगतो की मजुरी पुढे सरकली तर जड करही पेलतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये इथलं किमान वेतन साडेसहा पौंड होतं, तासाच्या मजुरीत पाचेक लिटर येत. २०२५ मध्ये नऊ लिटर येत होतं. इंधनावरचं शुल्क २०११ ते २०२५ वाढवलं नाही, उलट २०२२ मध्ये पाच पेन्सनी कमी केलं. आणि किमान वेतन किती वाढवावं याची शिफारस एक स्वतंत्र आयोग दरवर्षी करतो.

आपल्याकडे काय? रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०१४-१५ मध्ये दिवसाला १६८ रुपये होते, २०२५-२६ मध्ये ३१२. २०१४ मध्ये दिवसाच्या मजुरीत दोन लिटर यायचं, २०२५ मध्ये तीन. वाढ झाली हे मी नाकारत नाही. पण २०१४ च्या मध्यावर बॅरल ११० डॉलरच्या घरात होतं, २०२५ मध्ये बराच काळ सत्तरच्या आत-बाहेर. रुपया घसरला तो धरूनही तेल तेव्हापेक्षा स्वस्तच पडत होतं. ती स्वस्ताई मजुराच्या टाकीपर्यंत आलीच नाही. गॅसचं तर विचारूच नका: अनुदानाचा सिलिंडर २०१४ मध्ये दिल्लीत ४१४ रुपयांना होता, एप्रिल २०२५ मध्ये घरगुती सिलिंडर ८५३ वर गेला.

आणि ज्यांची मिळकत हललीच नाही त्यांचं? ईपीएस-९५ या प्रॉव्हिडंट फंडाशी जोडलेल्या पेन्शन योजनेची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरली. २०२५ मध्येही ती हजारच होती. कोल्हापुरात साखर कारखाने, सूतगिरण्या, सहकारी संस्था यांतून निवृत्त झालेले किती तरी लोक या योजनेत आहेत, माझे धाकटे काका त्यातलेच. तेव्हाच्या हजारात दोन सिलिंडर येऊन भाजीला पैसे उरायचे. २०२५ मध्ये एक सिलिंडर आणि पेट्रोलचा एक लिटर, संपलं. साडेसात हजार आणि महागाई भत्ता ही त्यांची मागणी वर्षानुवर्षं पडून राहिली. इथली सरकारी पेन्शन, म्हणजे सर्वसामान्य माणसाला म्हातारपणी मिळणारी, महागाई, सरासरी पगारवाढ किंवा अडीच टक्के, यांतलं जे जास्त त्या प्रमाणात दरवर्षी वाढते. ते तिजोरीला झेपेल का यावर इथे कडाक्याचं भांडण आहे. पण अकरा वर्षं तोच आकडा ठेवावा असं म्हणायचं धाडस इथे कुणी करणार नाही.

पेट्रोलचा दर १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला बदलता येतो. किमान वेतनाचा मूळ दर मात्र पाच वर्षांच्या आत कधीतरी सुधारा, एवढंच कायदा सांगतो. मधल्या काळात विशेष भत्ता थोडा थोडा वाढतो, पण गावाकडून वीस किलोमीटर येणाऱ्याचं पेट्रोल त्यात कोण मोजतं? उसातही तेच. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, कारखान्याच्या गेटवरची, तोडणी-वाहतूक त्यातून वजा. डिझेल चढलं की कात्री शेतकऱ्याच्या बिलाला लागते, आणि एफआरपी वाढल्याची बातमी तेवढी पहिल्या पानावर येते.

भाच्याला मी एकच सुचवलं: प्रवासभत्ता रुपयांत मागू नका, लिटरांत मागा. रोज पाऊण लिटर, त्या महिन्याच्या दराने. पंपावर दर वाढला की भत्ता वाढेल, उतरला की उतरेल, मालकाचीही फसवणूक नाही. तो म्हणाला, "मामा, करार कायमच्या कामगारांचा होतोय. आम्हा ठेकेदाराच्या पोरांना त्या बैठकीत बसायलाच देत न्हाईत." तेव्हा कायमच्या कामगारांच्या युनियनने हा मुद्दा आपल्या मागणीपत्रात घ्यावा आणि ठेकेदाराकडच्यांसाठीही मागावा, एवढी माझी ग्रुपवरच्या मित्रांना विनंती आहे. त्यातले दोघे-तिघे युनियनमध्ये आहेत.