नवीन पीसी घ्यायचा की जुनाच ओढायचा?

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि ओळखीतला जो तो जुना पीसी भंगारात काढायला निघाला. आमच्या घरातही तोच विषय. मशीन 2014 चं, चौथ्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, त्यात हे बसत नाही.

पुण्याचा मेव्हणा म्हणतो, "दाजी, लॅपटॉप घ्या की, ईएमआय होतो." इथल्या, सांगलीच्या मारुती रोडचा एक दुकानदार म्हणाला, बोर्ड-प्रोसेसरच बदलून टाका. दोघांचं ऐकलं असतं तर दिवाळीचा बोनस गेला असता.

माझा हिशोब साधा आहे. जो पार्ट उद्या दुसऱ्या मशीनला लागेल, त्यातच पैसे घालायचे. एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) लागते, मॉनिटर लागतो, यूपीएस लागतो. आमच्या पीसीची जुन्या पिढीची डीडीआर-3 रॅम मात्र पुढच्या डीडीआर-4 च्या स्लॉटमध्ये बसतच नाही, खाचच वेगळ्या जागी असते. जुन्या बोर्डासाठी तगडा प्रोसेसर शोधणं म्हणजे तर पडक्या वाड्याला सागवानी दार.

आधी टास्क मॅनेजर उघडून बघा. पीसी चालू झाल्यावर बराच वेळ डिस्क 100 टक्क्यांवर अडकून असेल, तर दोष बहुतेक वेळा प्रोसेसरचा नाही, हार्डडिस्कचा. फिरत्या तबकडीवर हेड इकडून तिकडे पळवत बारीकसारीक फाइली गोळा करायला वेळ जातो. त्यात 4 जीबी रॅम भरली की विंडोज उरलेलं ओझंही त्याच डिस्कवर टाकतं. म्हणून आम्ही हार्डडिस्कच्या जागी साटा केबलनं जोडायची एसएसडी टाकली. आमच्यासारख्या एच-81 बोर्डावर चार साटा पोर्ट असतात, पण दोनच 6 जीबीपीएस वेगाचे, बाकीचे दोन निम्म्या, 3 च्या वेगाचे. केबल नेमकी कुठं खोचताय ते दुकानात उभं राहून बघा, घाईत कुठंही खोचतात.

4 जीबीची डीडीआर-3 रॅम सेकंडहँड मिळाली, टाकली. एवढा एक नियम मोडला, कारण स्वस्तात होती. नव्या रॅमचे भाव एआय डेटा सेंटरच्या मागणीनं चढलेत, त्यामुळं आत्ता नवा पीसी जुळवणं तसंही महागात पडतं.

आणि हो, तारीख सारखी मागं जात असेल, ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित म्हणत असेल, तर घाबरू नका. बोर्डावरचा सीआर 2032 सेल बदला. एवढ्याशा सेलवरून धडधाकट पीसी विकलेले लोक मला माहीत आहेत.

राहिला प्रश्न सुरक्षेचा. मायक्रोसॉफ्टकडं नोंदणी केली तर विंडोज 10 ला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. नंतर विंडोज काढून लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकायचा विचार आहे, पोरीच्या अभ्यासाला आणि यूट्यूबला ते पुरतं. पण ज्यांचं पोट विंडोजवर चालणाऱ्या टॅलीवर (हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर) आहे, गणपती पेठेतले व्यापारी म्हणा, त्यांनी या फंदात पडू नये. त्यांनी सरळ नवीन घ्यावं, धंद्याचा खर्च आहे तो.

एक आमच्या गावापुरतं. तळमजल्यावर राहत असाल तर सीपीयू जमिनीवर ठेवू नका. 2019 च्या पुरात किती कॅबिनेट चिखलातून निघाली ते आठवा. काढलेली हार्डडिस्क यूएसबी केसमध्ये घालून फोटोंचा बॅकअप घ्या आणि ती वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणाकडं तरी ठेवा. आमची वहिनींच्या कपाटात आहे.