‘मोठा कुत्रा पाळा आणि घरही लख्ख ठेवा’: फिरत्या मजकुराला उत्तर

‘मोठा कुत्रा पाळा आणि घरही लख्ख ठेवा’ या मथळ्याचा एक मजकूर सध्या कोकणातल्या घराघरांत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. मला तो रत्नागिरीपासून देवगडपर्यंतच्या नातेवाइकांकडून तीनदा आला आणि त्यांपैकी दोघांनी सोबत विचारले की, लॅब्रॅडॉर आणावा का. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे आहे: लॅब्रॅडॉर आखूड केसांचा असल्यामुळे त्याचे केस फारसे गळत नाहीत, गळले तरी वर्षातून दोनदाच, जर्मन शेफर्ड किंवा गोल्डन रिट्रीव्हर असेल तर उन्हाळ्याच्या तोंडावर तो भादरून घ्यावा, रोज आंघोळ घालावी आणि मासळी खाऊ घालावी, म्हणजे गळती थांबते, तरीही शंका असेल तर कुत्रा पडवीत ठेवावा किंवा पूडलच्या संकराचा ‘केस न गळणारा’ कुत्रा घ्यावा, आणि एवढे करूनही ज्याला अडचण वाटते, त्याला मुळात कुत्र्याची आवडच नाही. आमच्या घरात नऊ वर्षे लॅब्रॅडॉर आहे आणि त्यापूर्वी जर्मन शेफर्ड होता. दोघांवरही आमचा जीव जडला, आणि म्हणूनच या मजकुराच्या भरवशावर कोणी पिल्लू घरी आणू नये असे मला मनापासून वाटते.

सुरुवात आखूड केसांपासून करायला हवी, कारण बहुतेक घरे याच वाक्यावर विसंबून लॅब्रॅडॉर निवडतात. केस किती लांब आहेत यावरून ते किती गळतील हे ठरत नाही. कुत्र्याचा प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग वाढ थांबून तसाच त्वचेत राहतो आणि शेवटी गळून नव्या केसाला जागा करून देतो. हे चक्र किती वेगाने फिरते आणि अंगावर एकूण केस किती दाट आहेत, यावर घरात पडणारा केर अवलंबून असतो. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर मच्छीमारांबरोबर बर्फगार पाण्यात काम करणारे कुत्रे होते. पुढे ब्रिटनमध्ये त्यांची पैदास झाली आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने ही जात मान्य केली, पण थंड पाण्यासाठी घडलेली केसांची ठेवण कायम राहिली: वर पाणी झटकून टाकणारे राठ केस आणि त्यांच्याखाली मऊ, गच्च लोकर. जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर आणि हस्की यांचीही ठेवण अशीच दुहेरी आहे. लॅब्रॅडॉर आखूड केसांचा आहे हे खरे, पण तो विरळ केसांचा नाही.

उलट, टापटीप घराला आखूड केसच जास्त छळतात, असा माझा अनुभव आहे. जर्मन शेफर्डची लोकर कपाटाखाली आणि दारामागे पुंजक्यांनी जमत असे आणि ओल्या फडक्याच्या एका फेरीत उचलली जात असे. लॅब्रॅडॉरचा जेमतेम इंचभर ताठ केस मात्र सुईसारखा सुती कापडात घुसतो. गोधडीच्या टाक्यांत, सतरंजीच्या विणीत आणि सोफ्याच्या कापडात तो रुतून बसतो आणि धुतल्यावरही तिथेच सापडतो. मऊ झाडूने कोरडे झाडायला गेले, की पंख्याच्या वाऱ्यावर निम्मे केस उडून पुन्हा जमिनीवर बसतात, म्हणून आमच्याकडे आधी ओले फडके फिरते आणि मगच झाडू. गाद्या आणि खुर्च्यांच्या कापडावरून ओला रबरी हातमोजा एकाच दिशेने ओढला की केस गोळा होतात, हे आम्हाला चौथ्या वर्षी कळले.

गळती वर्षातून दोनदाच होते, हे विधान थंड देशांपुरते बरेचसे बरोबर आहे. तिथे ऋतूंबरोबर दिवस खूप लहान-मोठा होतो आणि त्या उजेडाच्या फरकावर कुत्र्याची लोकर बदलते. रत्नागिरी सुमारे १७ अंश अक्षांशावर आहे. आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत जेमतेम दोन तासांचा फरक असतो, शिवाय घरात राहणाऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांवर रात्री दहापर्यंत दिव्याचा उजेड असतो. अशा कुत्र्याचे केस थोडे थोडे बाराही महिने गळत राहतात आणि अधूनमधून काही आठवडे त्यांचा पूर येतो. ज्याला वर्षातले दोन पंधरवडे सोसण्याची तयारी करायला सांगितले आहे आणि प्रत्यक्षात रोज झाडावे लागते आहे, त्याला फसवले गेल्यासारखे वाटले तर त्यात नवल नाही.

भादरण्याचा सल्ला घरापेक्षा कुत्र्याला अधिक बाधतो. कातरल्याने केस मुळापासून निघत नाही, फक्त तोकडा होतो, त्यामुळे गळती तेवढीच राहते आणि गळणारा तुकडा अधिक टोचरा होतो. वरचे राठ केस उन्हापासून त्वचेचे रक्षण करतात. ते गेले की पाठ भाजू शकते. काही कुत्र्यांत खालची लोकर आधी वाढते आणि वरचे केस महिनोन्‌महिने नीट येत नाहीत, तर काहींच्या अंगावर चट्ट्यांसारख्या मोकळ्या जागा राहतात. गारव्यासाठी भादरतो असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून, जिभेवरच्या आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ करून अंगातील उष्णता बाहेर टाकतो. कोकणातल्या मे महिन्याच्या दमट हवेत ही वाफ होणेच मंदावते. तेव्हा उपाय सावली, पंखा, थंड लादी, भरपूर पाणी आणि उन्हे चढण्याआधीचे फिरणे हा आहे. मेलेली लोकर कंगव्याने काढून टाकली तर वारा त्वचेपर्यंत पोहोचतो. त्यासाठी कातरी लागत नाही.

रोजच्या आंघोळीविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण हा सल्ला आमच्या हवेत सरळ आजाराला आमंत्रण देतो आणि आम्ही तो स्वतः बराचसा पाळून चूक केली आहे. रत्नागिरीत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्या काळात आमच्या घरात चादर वाळायला तीन दिवस लागतात. लॅब्रॅडॉरची लोकर त्या चादरीपेक्षा दाट असते. वरून हात फिरवला तर अंग कोरडे लागते, पण केस बाजूला करून पाहिले तर त्वचेजवळ ओल तशीच असते. पहिल्याच पावसाळ्यात, स्वच्छतेच्या हट्टाने एक दिवसाआड आंघोळ घातल्यावर, आमच्या कुत्र्याच्या कानामागे रुपयाएवढा लाल, चिकट, ओला चट्टा उठला आणि दोन दिवसांत तो तळहाताएवढा झाला. डॉक्टरांनी भोवतालचे केस काढले, औषध दिले आणि आंघोळ बंद करायला सांगितली. सततच्या ओलीत त्वचेवरची बुरशी वाढते, लोंबत्या कानांत मळ साचून वास येऊ लागतो, आणि वारंवार साबण लावल्याने त्वचेचे नैसर्गिक तेल निघून गेले की कोंडा होतो आणि केस अधिकच गळतात. माणसांचा शाम्पू तर कुत्र्याच्या त्वचेला मानवतच नाही.

आता आम्ही कोरड्या दिवसांत महिन्याकाठी एकदा, कुत्र्यांच्या शाम्पूने आंघोळ घालतो. पावसाळ्यात फक्त पाय आणि पोट पुसतो आणि लाल मातीचे पाय पायरीवरच धुऊन कोरडे करतो. समुद्रावर नेले तर परतल्यावर गोड्या पाण्याने खारटपणा काढतो आणि पंख्याखाली बसवून पूर्ण वाळवतो. घरात पडणारे केस खऱ्या अर्थाने कमी झाले ते नेमाने विंचरण्यामुळे: एरवी आठवड्यातून तीनदा आणि गळतीचा पूर येतो त्या दिवसांत रोज, पंधरा मिनिटे, घरापुढच्या खळ्यात. जे केस घरात पडायचे ते बाहेर काढून घेणे एवढेच आपल्या हातात असते. गळती थांबत नाही.

मासळीबद्दलचे म्हणणे अर्धेच खरे आहे. तारली आणि बांगडा यांतल्या मेदाने त्वचा सुधारते आणि केसांना चमक येते, हे मी पाहिले आहे. पण निरोगी कुत्र्याचे केस ठरलेल्या चक्राने गळणारच. मासळी द्यायची तर शिजवून आणि काटे काढून द्यावी, कारण काही कच्च्या माशांत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते आणि ते शिजवल्यावर निकामी होते. खारवलेली सुकी मासळी मिठामुळे देऊच नये. केस एकाच जागी झडून टक्कल पडत असेल, कुत्रा सतत खाजवत असेल किंवा त्वचा लाल असेल, तर ती नेहमीची गळती नाही. गोचीड, खरूज, बुरशी किंवा थायरॉइडचा विकार असू शकतो आणि तिथे बांगड्याने भागत नाही.

‘पडवीत ठेवा’ हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड या माणसाच्या सोबतीने काम करण्यासाठी घडवलेल्या जाती आहेत. साखळीला बांधून दाराबाहेर ठेवलेला असा कुत्रा भुंकत राहतो, खणत राहतो आणि खंगतो. आपल्या भागात पडवीचा अर्थ याहूनही गंभीर आहे. रात्री वाडीत उतरणारा बिबट्या पडवीतला बांधलेला कुत्रा उचलून नेतो, हे कोकणातल्या कोणत्याही गावात सांगायला नको. जांभ्याच्या गडग्यात फुरसे असते. गवतातले गोचीड अंगावर चढतात आणि त्यांच्यामुळे येणारा ताप जीवघेणा ठरू शकतो. शेतीच्या दिवसांत उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) संसर्ग कुत्र्यालाही होतो आणि त्याच्याकडून तो माणसांकडे येऊ शकतो, म्हणून कुत्र्याला रेबीजबरोबर लेप्टोचीही लस दर वर्षी द्यावी लागते. आणि एवढे सगळे करून घर स्वच्छ राहते का? पडवीतले केस वाऱ्याने आणि आपल्या पायांनी ओटीवर येतात, ओटीवरून माजघरात येतात. ज्या घराला कुत्रा घरात नको आहे, त्या घराने लॅब्रॅडॉर आणू नये.

पूडलच्या संकरांविषयी थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये, अंध व्यक्तीला सोबत करील पण तिच्या पतीच्या अ‍ॅलर्जीला बाधणार नाही असा कुत्रा हवा, या गरजेतून लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर गाजला. पूडलचा केस दीर्घकाळ वाढत राहतो, म्हणून कमी गळतो. परंतु संकराच्या एकाच वेतातली काही पिल्ले लॅब्रॅडॉरसारखी केस गाळतात. जी गाळत नाहीत त्यांचे केस नियमित कापावे लागतात, आणि आमच्या दमट हवेत विंचरणे चार दिवस चुकले तरी ते गुंतून त्यांचा नमद्यासारखा घट्ट थर होतो. अ‍ॅलर्जीचे कारण केस नसून लाळेतली आणि त्वचेच्या कोंड्यातली प्रथिने असतात. २०११ मध्ये अमेरिकेत आणि २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत, अशा ‘अ‍ॅलर्जीमुक्त’ म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या घरांत ही प्रथिने इतर कुत्र्यांच्या घरांपेक्षा कमी आढळली नाहीत.

राहिला तो अखेरचा आरोप: अडचण वाटणाऱ्याला कुत्र्याची आवड नाही. हे वाक्य अन्यायाचे आहे आणि ते लोकांना खोटे हो म्हणायला लावते. टापटीप म्हणजे प्रत्येक घरात एकच गोष्ट नसते. कोणाला वस्तू जागच्या जागी लागतात. अशा घरात मोठा कुत्रा सुखाने राहतो, आमचे घर तसेच आहे. कोणाला लादीवर अनवाणी चालताना पायाला काही लागलेले सहन होत नाही. कोणाकडे देवघराचे सोवळे आहे, गणपतीत मुंबईहून वीस माणसे येतात आणि उकडीच्या मोदकात एक केस निघाला तर सगळ्यांच्या जेवणावर पाणी पडते. कोणाच्या खळ्यात मे महिनाभर आमसुले आणि आंब्याची साठे वाळत असतात. अशा घरातल्या माणसाला कुत्रा कितीही प्रिय असला, तरी दहा-बारा वर्षे रोज मनाविरुद्ध जगणे त्याला जमेलच असे नाही, आणि त्याची चिडचिड शेवटी कुत्र्याच्याच वाट्याला येते. त्यातही आपल्या घरांत कुत्रा आणण्याचा हट्ट एकाचा असतो आणि झाडू दुसरीच्या हातात असतो. तिला विचारल्याशिवाय झालेला निर्णय मी निर्णय मानत नाही.

मला विचारणाऱ्या दोघांना मी एकच गोष्ट करायला सांगितली. ज्या घरात हीच जात किमान दोन वर्षे आहे, अशा घरी ऐन पावसाळ्यात जावे, गडद सुती कपडे घालून तासभर जमिनीवर बसावे, स्वयंपाकघरात पाणी प्यायला जावे आणि निघताना कुत्र्याच्या हौशी मालकाला नव्हे, तर त्या घरात केर काढणाऱ्या व्यक्तीला विचारावे की दिवसातून किती वेळा झाडावे लागते. देवगडच्या कुटुंबाने हे केले आणि त्यांच्या सुनेने स्वतः होकार दिल्यावर पिल्लू आणले. देवघराचे दार बंद राहील आणि कुत्रा गादीवर चढणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवले. रत्नागिरीचे जोडपे साठीच्या पुढचे आहे. तीस किलोचा, ओला, ओढणारा कुत्रा आवरणे आणि त्याच्यामागे दिवसातून दोनदा वाकणे आपल्याला झेपणार नाही, असे त्यांनी एका भेटीतच ओळखले. दारात येणाऱ्या गावठी कुत्रीला ते पूर्वीपासून भात घालत होतेच. तिचेही केस गळतात, पण अंगावर लोकर दाट नाही आणि पावसात भिजली तरी ती तासाभरात वाळते. तिला त्यांनी आता रेबीजची लस टोचून घेतली आहे, आणि ओटीच्या कोपऱ्यात तिच्यासाठी गोणपाट घातले आहे. रात्री दार लावताना ती आत असते.