पाटी पुसू नका

सर्व्हरवर लोकांचे फोटो लहान करून देण्याचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन. आता इमेजमॅजिक हे चित्रं उघडणारं, लहान-मोठी करणारं सॉफ्टवेअर बसवा आणि त्याच्या सेटिंगकडे ढुंकूनही पाहू नका. त्याला दोनशेहून जास्त फॉरमॅट उघडता येतात. तुमच्या गिऱ्हाइकांना जेपेग, पीएनजी आणि फार तर जिफ लागतं, हे खरं. पण उद्या कुणी १९८०च्या दशकात युटा विद्यापीठात जन्मलेली आरएलई फाइल घेऊन दारात उभं राहिलं तर? पाहुण्याला चहाही न देता परत पाठवणार?

आणि हो, मेमरी पुसत बसू नका. चित्र उतरवायला प्रोग्राम जागा मागतो. त्या जागेत आधी कुणाचं चित्र उघडलं असेल, तर त्याचे पिक्सेल तसेच पडलेले असतात. शाळेत पाटी हातात आली की आपण आधी ती पुसायचो. बाई बघत नसतील तर थुंकी लावून. केवढे ते कष्ट! नवं चित्र जुन्यावर उमटणारच आहे की. चित्र पाठवणारा चित्र काढेलच, एवढा तरी माणसावर विश्वास ठेवा.

ख्रिस इव्हान्स नावाच्या सुरक्षा-संशोधकाने हाच विश्वास २०१७ साली याहू मेलवर तपासून पाहिला. त्याची आरएलई फाइल अवघ्या १८ बाइटची. अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत एवढ्यात 'नमस्कार'सुद्धा मावत नाही. त्याला २१ लागतात. फाइलचा मजकूर साधारण असा: चित्र एवढं लांब, एवढं रुंद, चित्र समाप्त. मध्ये एक रेघ नाही. ती त्याने स्वतःलाच मेल केली आणि प्रीव्ह्यू उघडला. सर्व्हरने पाटी घेतली, तिच्यावर काहीही न लिहिता तिचं जेपेग केलं आणि अदबीने त्याच्या हाती ठेवलं. त्यात काय दिसावं? दुसऱ्याच कुणाच्या तरी मेलमधल्या फोटोचे अवशेष. सर्व्हर कोसळला नाही, साधा कण्हलाही नाही. सेवा असावी तर अशी.

शेजारीपाजारी डोकावण्याची सवय असेल तर तीही सोडा. ग्राफिक्समॅजिक हा इमेजमॅजिकच्या घरातून २००२ साली वेगळी चूल मांडलेला भाऊ. सामाईक भिंतीतली ही गळती त्याने आपल्या बाजूने मार्च २०१६ मध्येच बुजवली होती. थोरल्याकडे मात्र इव्हान्सने सांगेपर्यंत, म्हणजे वर्षभराहून जास्त, ती ठिबकतच राहिली. दुरुस्ती तरी केवढी? जागा मिळाल्यावर ती आधी शून्यांनी भरून घ्यायची. पण भावाने काय दुरुस्त केलं हे वाचायला जाणं म्हणजे त्याचं शहाणपण मान्य करणं. आपल्याकडे त्यापेक्षा कोर्टात जातात.

याहूने मात्र तुमच्यासाठी वाईट पायंडा पाडला. त्यांनी इमेजमॅजिक वापरणंच बंद केलं, वर इव्हान्सला १४,००० डॉलर देऊ केले. बाइटमागे सुमारे ७७८. तो म्हणाला, दान करा. त्यांनी रक्कम दुप्पट केली. तुम्हाला हे असलं परवडायचं नाही. तेव्हा कुणाचा फोन आला, की साखरपुड्याच्या फोटोच्या कोपऱ्यात भलत्याच माणसाचं आधार कार्ड दिसतंय, तर शांतपणे सांगा: "साहेब, तुमच्या मोबाइलची मेमरी एकदा साफ करून बघा."