केजीच्या वर्गात सर नकोत म्हणे!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करा.

लेकाच्या शाळेने (आम्ही घानात, टेमाला राहतो, नवीन मंडळींसाठी सांगितलं) केजी टूच्या सरांना उचलून सहावीवर टाकलं. काही पालकांनी तक्रार केली म्हणून. तक्रार काय, तर ते पुरुष आहेत. बास, एवढीच. आणि आपल्या भारतीय पालकांच्या ग्रुपवर सकाळपासून हात जोडलेले इमोजी. 'बरं झालं, एवढ्याशा पोरांना बाईच हवी.'

सरांना तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. इथे संत्र्याची वरची हिरवी साल तासून, टोपी उडवून ते चोखून खातात. मधल्या सुट्टीत सर पायरीवर बसून एकेकाचं संत्रं कापून देत, मग त्याच पोरांना रांगेने नळावर नेऊन कोपरापर्यंत हात धुवायला लावत. गणित शिकवायला बाटल्यांची बुचं. माझा पोरगा घरी भात खाताना शितं मोजायला लागला तो त्या बुचांमुळे. केजीतल्या बाकी सगळ्या 'आन्टी', हे एकटे 'सर'.

आणि शिक्षण? घानातल्या शिक्षक घडवणाऱ्या सरकारी कॉलेजांत २०१८ पासून तीन वर्षांच्या डिप्लोमाऐवजी चार वर्षांची बी.एड. आहे. ती यांनी केली, त्यातही 'अर्ली ग्रेड' घेऊन, म्हणजे केजी ते तिसरी. वर लायसन्सची परीक्षा पास. अशा माणसाला सहावी! आणि त्याच्या जागी कोण, तर आत्तापर्यंत वर्गात मदतनीस असलेल्या आन्टी, ज्यांना कुणी कधी एका दिवसाचं प्रशिक्षण दिलेलं नाही. पण त्या बाई आहेत ना. झालं तर मग.

एका दादांनी ग्रुपवर ज्ञान पाजळलं की घानात पूर्वप्राथमिक शिक्षकांत 'जेंडर पॅरिटी', म्हणजे स्त्री-पुरुष समानता आहे, तसा निर्देशांक त्यांनी कुठेतरी वाचलाय. अहो दादा, तो निर्देशांक काय मोजतो तेही वाचायचं होतं! बायकांतल्या किती टक्के पात्र, भागिले पुरुषांतले किती टक्के पात्र. शंभर बायकांतल्या पन्नास शिकलेल्या आणि दोन पुरुषांतला एक शिकलेला, की उत्तर एक. समानता! त्या वर्गांत पुरुष शोधायला दुर्बीण लागली तरी आकडा गुळगुळीत. पन्नास बायका प्रशिक्षणाविना उभ्या आहेत, तेही त्यात झाकलं जातं.

माझा खरा राग इथे आहे. 'बाईला मुलांचं उपजतच कळतं' हे कौतुक नाही हो, ही पैसे वाचवायची युक्ती आहे. उपजत कळतं म्हटलं की शिकवायला नको, आणि शिकवलं नाही की पगार द्यायला नको. घानाने २००७ मध्ये केजीची दोन वर्षं सक्तीच्या मोफत शिक्षणात घेतली. केवढं मोठं पाऊल! आपल्याकडे अजून सहाव्या वर्षापासूनच हक्क सुरू होतो. पण एवढ्या वर्गांना शिकलेली माणसं कुठून आणायची? मग जी बाई मिळेल ती उभी करायची. आपली अंगणवाडी तरी काय वेगळी आहे? सेविका बाईच हवी, आणि पगाराऐवजी 'मानधन'.

सरांना त्यांच्या मित्रांनीही म्हणे चिडवलं होतं, पुरुष असून केजी काय घेतोस. तरी घेतलं. आणि आपण सुशिक्षित पालकांनी काय केलं, तर त्या मित्रांचं खरं करून दाखवलं.

बरं, लहान मुलांच्या सुरक्षिततेची काळजी असते. मान्य. मलाही आहे. मग वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं, असा नियम करा ना, सगळ्यांना सारखा. एका माणसाला नुसत्या मिशीवरून संशयित ठरवायचं? ताराबाई मोडकांचे फोटो शेअर करणारे आपणच. त्या भावनगरला ज्यांच्यासोबत बालशिक्षणाचं काम करत होत्या, त्या गिजुभाई बधेकांना लोक 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणायचे, विसरलात?

लिहिता लिहिता जरा शांत झाले. आन्टींवर माझा काडीचाही राग नाही. आज गेटवर भेटल्या तेव्हा बिचाऱ्या घाबरलेल्याच होत्या. 'मॅडम, सर बोर्डवर काय काय करायचे ते मला नाही येत,' म्हणाल्या. इथल्या विद्यापीठांचे दूरशिक्षणाचे कोर्स आहेत, नोकरी सांभाळून करता येतात. पण फी स्वतःच्या खिशातून. मदतनिसाच्या पगारात घर चालवायचं, ट्रोट्रोचं (इथली शेअर मिनीबस) भाडं द्यायचं की फी भरायची?

तर मी शाळेला पत्र लिहिलंय. मागण्या दोन. सरांना केजीवर परत आणा, आणि आन्टींच्या कोर्सची निम्मी फी शाळेने भरा, उरलेली आपण पालक मिळून भरू. टेमातल्या ज्यांना सही करायचीय त्यांनी आज रात्रीपर्यंत मेसेज करा. 'कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस' म्हणणाऱ्यांनी नाही केला तरी चालेल. आणि दादा, तुम्ही मात्र कराच.